तिला बसली पायजे

काका,

टाकीला पिवळ्या रंगाचा एकच हात झालाय. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, असं तू म्हणाला होतास. आता तो इतका वाळलाय की त्यावर धूळ साचलीय, आणि त्या धुळीत कोणीतरी बोटानं रेघ ओढून पाहिलीय. तेराव्याला आलेल्यांपैकी कोणी असेल. येणारा प्रत्येक जण ओटीवर तुझ्या फोटोला नमस्कार करायचा आणि मग पडवीत जाऊन गाडी बघायचा. जेवताना पानावर तोच विषय. रमण ही गाडी कोणासाठी करत होता?

हे सगळ्यांनी मला विचारलं, कारण रविवारी तुझ्याबरोबर मी असायचे. मला उत्तर माहीत नाही. माहीत नाही म्हटलं की लोकांना वाटतं, मी सांगत नाहीये. माझ्याबद्दल लोकांना तसंही नेहमी तेच वाटतं.

म्हणून हे लिहितेय. मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत लिहिलं असतं तर तुला ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. मराठी लिहायला मला वेळ लागतो. एक वाक्य झालं की ते मी मनात तुझ्या आवाजात म्हणून बघते. काही ठिकाणी तू हसतोस.

गाडी आजोबांची. जुनी बुलेट, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, त्या काळच्या पद्धतीची. आजोबा गेल्यानंतर ती पडवीत नारळांच्या ढिगामागे उभी होती, अंगावर पोती टाकून. लहानपणी सुट्टीत आले की त्या पोत्यांवर मी चढून बसायचे, पण खाली गाडी आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तू कंपनीतून रिटायर झालास आणि पोती उचललीस. कोणीतरी तुझ्या फोनवर तिचं इंग्रजी मॅन्युअल पाठवलं. तू बाबांना फोन केलास, पोरीला रविवारी पाठव, वाचायला पायजे.

मी जाईन असं बाबांना वाटलं नव्हतं. मी कोणाकडे जात नाही. लग्नात मी पंख्याखालची खुर्ची धरते आणि जेवण होईपर्यंत फोन बघते. इंग्लिश मीडियमची आहे, बोलत नाही, असं नातेवाईक माझ्यासमोरच म्हणतात. त्या रविवारी विरारहून रिक्षा करून मी नंदाखालला का आले, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पण तू मला काही विचारलं नाहीस. नोकरी कशी चाललीय, लग्नाचं काय, काहीच नाही. पाट दिलास, फोन हातात दिलास आणि म्हणालास, "वाच मॅडम. सावकाश वाच, मला कळंल असं."

तुझा एक नियम होता. काहीही लागलं की पहिल्यांदा घरात बघायचं. मी फोनवर सुटे भाग शोधून दाखवायचे, आणि तू फोन बाजूला सारून माळ्यावर चढायचास. बाजूची झाकणं तेलाच्या डब्याच्या पत्र्याची झाली. मागचं मडगार्ड काकीच्या मोडक्या कपाटातून निघालं. हँडलच्या मुठींना तू वाडीतल्याच काथ्याची दोरी गुंडाळलीस, फार सुंदर दिसत होती, आणि संध्याकाळपर्यंत तुझे दोन्ही तळहात सोलवटले होते. दुसऱ्या रविवारी दोरी नव्हती. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. काकीनं मात्र आतून विचारलं, काथ्याचा झाडू झाला का?

आणि तो शिरका. ते मी लिहिलंच पाहिजे, कारण माझा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. एका व्हिडिओत गंज काढायची युक्ती होती. मी तुला सांगितलं, स्टीलचे पार्ट रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवायचे, बाकीचे अजिबात नाही. तू मान हलवलीस. व्हिनेगर म्हणजे आपला शिरकाच, असं म्हणत शेजारच्या रोझीबायकडून ताडीच्या शिरक्याची मोठी बाटली मागून आणलीस, सणाच्या मटणासाठी तिनं ठेवलेली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या कामात होते तेव्हा तुझा फोन आला. कार्बोरेटर काळा पडून त्याचे पोपडे निघतायत, असं म्हणालास. मी विचारलं, तो कशाला टाकलास?

"तूच म्हनालीस ना, स्टीलचे टाका."

"काका, कार्बोरेटर स्टीलचा नसतो."

"मग काय लोखंडाचा? एवढा चकचकीत?"

मला समजायला थोडा वेळ लागला. तुझ्यासाठी, काकीसाठी, गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात स्टील म्हणजे ताट, वाटी, डबा. चकाकतं ते स्टील, गंजतं ते लोखंड. स्टीलला गंज चढतच नाही. म्हणून तू गंजलेला सगळा ढीग कोपऱ्यात कोरडा ठेवलास आणि त्यातली एकुलती एक चकचकीत वस्तू शिरक्यात बुडवलीस. तुझं काही चुकलं नव्हतं. माझंही चुकलं नव्हतं असं मला वाटतं, पण कार्बोरेटर गेला. नालासोपाऱ्याच्या भंगारवाल्याकडे दुसरा मिळेपर्यंत काम थांबलं, आणि रोझीबाय कुंपणापलीकडून रोज विचारायची, "काय रमण, शिजली का गाडी?"

त्यानंतर आपण एकमेकांचे शब्द तपासून घ्यायला लागलो. मी म्हणायचे, हा नट टाइट करायचा. तू विचारायचास, बरणीच्या झाकनाएवढा का पान्याच्या नळाएवढा? मग मी मॅन्युअल पुन्हा वाचायचे, विचार करायचे आणि म्हणायचे, नळ. आठवडाभर ऑफिसात मी जेवढं बोलायचे त्यापेक्षा जास्त तुझ्याशी एका रविवारात बोलायचे, आणि ते सगळं नटबोल्टबद्दल असायचं. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे असं तेव्हा वाटलंच नाही.

सगळे शब्द आपण तपासले असा माझा समज होता. एक राहिला.

विरारला रिक्षांच्या सीटा शिवणाऱ्याकडे आपण गेलो होतो तो दिवस. तुमच्या जुन्या सोफ्याचं रेक्झिन आणि फोम पिशवीत भरून आपण घरूनच नेला होता. तो माणूस सीटचा सांगाडा उलटापालटा करून बघत होता. त्यानं विचारलं, "काका, हाइट कितना रखू? बसणार कोण?" तू रस्त्याकडे बघत होतास. म्हणालास, "उंच नको. तिला बसली पायजे."

त्यानं सांगाड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, समझ गया. मी दुकानातल्या रिक्षाच्या सीटांचे रंग बघत राहिले.

तिला म्हणजे कोणाला, काका? गाडी ती. सीट गाडीला बसली पाहिजे, सांगाड्यावर नीट आली पाहिजे, असा साधा अर्थ आहे. पण उंच नको, हे तू त्याच दमात म्हणालास, आणि गाडीला सीट उंच काय, ठेंगणी काय. मग ती म्हणजे कोणी बाई. कोणाला ब्लाऊज बसतो तशी तिला सीट बसली पाहिजे. इंग्रजीत हा प्रश्न आलाच नसता. तिथे गाडी 'इट' असते आणि बसायला आणि मापात यायला दोन वेगळे शब्द असतात. मी त्या एका वाक्याचं मनात इतक्या वेळा भाषांतर केलंय की आता ते मराठीसुद्धा वाटत नाही.

सीट आली ती इतकी ठेंगणी की तू बसलास तेव्हा तुझे गुडघे टाकीच्या वर आले. प्रत्येक दारातून वाकून आत येणारा माणूस तू. काकी दारात उभी होती. तिनं पाहिलं आणि आत गेली. तेव्हाच मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं, की ही गाडी काकीची आहे आणि तू तिला चकित करणार आहेस. मागचं कॅरियर तू सोनचाफ्याच्या करंडीच्या मापाचं केलं होतंस. रोज पहाटे फुलं काकी काढते, आणि विरारला तू नेऊन देतोस. नेऊन द्यायचास. काकी एकदा भांडी घासता घासता म्हणाली होती, मला चालवता आली असती तर माझी फुलं मीच नेली असती. तू तेव्हा जवळच होतास.

रंगही माझ्या मनाचा नव्हता. मला काळा हवा होता. जुनी गाडी काळीच शोभते असं मी सांगत होते, फोटो दाखवत होते. तू उघडलास तो डबा पिवळा निघाला, आणि तो सोनचाफ्याचासुद्धा पिवळा नव्हता. मी म्हटलं, काका, ही स्कूल बस दिसेल. तू म्हणालास, "बस तर बस."

पण मग गिअरचं काय? आपलं खरं भांडण गिअरवरून होतं, आणि ते अर्धंच राहिलं. तू गिअर उजवीकडून डावीकडे आणायचं काढलंस. मी पहिल्यांदाच तुझ्यावर आवाज चढवला. उजवा गिअर हीच या गाडीची ओळख आहे, ती पुसली तर राहिलं काय, असं मी म्हटलं. हे मी कुठेतरी इंग्रजीत वाचलं होतं आणि मला ते फार पटलं होतं. तू फवारणीच्या जुन्या पंपाचा दांडा कापत होतास, इंजिनाच्या मागून आडवा घालायला. हात न थांबवता म्हणालास, "जशी होती तशी ठेवली तर ती आजोबाची. ओळख घेऊन काय करू? चालवता आली पायजे." कोणाला चालवता आली पाहिजे, ते तू तेव्हाही म्हणाला नाहीस. तुला दोन्हीकडचे गिअर येत होते. काकीला कुठलाच गिअर येत नाही. फक्त डाव्या गिअरची गाडी चालवायला त्या घरात येणारी एकटी मीच शिकले होते, आणि तूच शिकवलं होतंस, तुझ्या रोजच्या मोटरसायकलवर, केळीच्या वाड्यांमधल्या त्या अरुंद रस्त्यावर. तू मागे बसून पेंगायचास, किंवा पेंगल्याचं सोंग करायचास. गाडी बंद पडली की डोळे न उघडता म्हणायचास, "हं. परत."

असा हिशेब मांडला की गाडी माझी होते. आणि मला लगेच लाज वाटते. तू गेलास आणि मी पडवीत उभी राहून गाडी माझी कशी ते शोधतेय.

शेवटच्या रविवारी तू टाकीला रंग देऊन हात पुसत होतास. सीट बसवून झाली होती. मी आले तशी तू थोडा बाजूला सरकलास आणि म्हणालास, "बस जरा." मी पाटावर बसले. नेहमीसारखी. तू माझ्याकडे बघितलंस, मग गाडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि हसलास. मी विचारलं काय झालं. तू म्हणालास काय नाय. काकीनं जेवायला हाक मारली, बोंबलाचं कालवण होतं, आपण आत गेलो.

काका, तू मला गाडीवर बसायला सांगत होतास का? की नुसतं बस म्हणत होतास, जसं कोणीही आलेल्या माणसाला म्हणतं? मी तेवढं एकदा विचारलं असतं, नळ की बरणी, तसं. पण तो शब्द इतका साधा होता.

आता घरात काय चाललंय ते सांगते. चिंचोटीच्या बाजूला कोणी नवीन रिसॉर्ट काढतोय. त्याला दाराशी उभी करायला जुनी बुलेट हवी आहे. मागच्या कॅरियरवर कुंड्या ठेवणार, लोक बसून फोटो काढणार. बाबांनी त्याला शब्द दिला. बाबांचं म्हणणं सरळ आहे. आमच्या सोसायटीत पार्किंग नाही, काकीला गाडी येत नाही, पडवीत ती पुन्हा पोत्यांखाली जाईल. निदान लोक बघतील तरी. पण शब्द देताना त्यांनी एक अट ठेवली आणि ती माझ्यावर टाकली. जेवताना म्हणाले, "दादानं ती तुझ्यासाठी केली असेल तर सांग. मी त्याला नाही म्हणतो. तू फक्त सांग."

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे नाही समजू?"

मी भात कालवत राहिले. हो म्हटलं असतं तर गाडी राहिली असती. पण ती काकीची असेल तर तिच्याच घरात उभी राहून मी तिची वस्तू मागून घेतली असती, आणि तीही तू गेल्यावर लगेच. नाही म्हटलं तर ती कुंड्या ठेवायला गेली. मला फक्त तुला विचारायचं होतं. मग बाबांनी अजून एक सांगितलं, सहज, ताक पिताना. तुझा उजवा गुडघा गेला होता म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्या पायावर जोर नको. म्हणून गिअर डावीकडे आणि म्हणून सीट ठेंगणी, दुसरं काय, असं बाबा म्हणाले. मला आठवलं, ओटीच्या पायऱ्या तू हल्ली एका बाजूनं उतरायचास, खांब धरून. ते मी पाहिलं होतं. मी सगळं पाहते. त्याचा अर्थ काय ते मला कळत नाही, एवढंच.

पण मग गुडघे टाकीच्या वर का आले? दुखऱ्या गुडघ्याचा माणूस तो इतका दुमडेल अशी सीट करून घेईल का? काकीला विचारावं असं मी रोज ठरवत होते. ती गाडीवर जुनी साडी टाकायची, सकाळी काढायची, संध्याकाळी पुन्हा टाकायची. न्यायची तर न्या, एवढंच ती बाबांना म्हणाली होती, आणि ते इतकं कोरडं म्हणाली की मला वाटलं, ती दुखावलीय. तिची वस्तू तिला न विचारता चाललीय, आणि ती मागणार नाही. तीही माझ्यासारखीच आहे, मागत नाही. मी विचारू शकले नाही.

ठरल्याप्रमाणे रविवारी टेम्पो आला. रिसॉर्टवाला माझ्याच वयाचा निघाला, बोलायला चांगला. त्यानं चपला बाहेर काढल्या, तुझ्या फोटोला हात जोडले. बाबा त्याला पडवीत घेऊन गेले, मागून काकी, तिच्या मागून मी. टेम्पोच्या माणसांनी गाडी चढवायला फळ्या लावल्या. काकीनं त्या सकाळी न काढलेली साडी रिसॉर्टवाल्यानं उचलली, पिवळ्या टाकीकडे एकदा पाहिलं, आणि रीत म्हणून त्यानं विचारलं, "म्हणजे गाडी आता नेमकी कोणाची म्हणायची?"

"हिची," मी म्हटलं.

"हिची," काकी म्हणाली.

आम्ही दोघींनी एकाच वेळी एकमेकींकडे बोट केलं होतं.

मग काकी माझ्याकडे वळली. "माझी? मी काय करू तिला? तुझ्यासाठी करत होता ना तो."

"तुझ्यासाठी. कॅरियर करंडीच्या मापाचं आहे."

"ते तुझ्या लॅपटॉपच्या पिशवीला. मला तसंच म्हनाला."

"आणि हा रंग?"

"तुला आवडतो म्हनून. मला तर बघवत पन नाय."

मला तो रंग अजिबात आवडत नाही हे तुला पक्कं माहीत होतं, काका. तू तिला असं का सांगितलंस? की तू वेगळंच काही म्हणालास आणि तिनं ते असं ऐकलं?

बाबा मध्ये पडले. म्हणाले, वहिनी, खरं म्हणजे दादाचा गुडघा.

"भावोजी, तुम्ही थांबा जरा," काकी म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती माझ्यावर चिडली होती, दोन्ही एकदम. "तू बसत का नाय तिच्यावर? तो वाट बघत होता तुझी. मी दारातून बघायची आनि आत जायची. म्हटलं, चाललंय त्यांचं, आपन कशाला."

"मी तुझी वाट बघत होते," मी म्हटलं. माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "मला वाटलं, पहिल्यांदा तू बसशील."

रिसॉर्टवाल्यानं आमच्या दोघींकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि माणसांना फळ्या काढायला सांगितल्या. जाताना तो अगदी नम्रपणे म्हणाला, "तुम्ही आधी घरात ठरवा. मग मला फोन करा."

काका, आम्ही ठरवतोय. त्या दिवशी जेवण होईपर्यंत वाद घातला, पुढच्या रविवारीही घातला. काकी म्हणते, त्यानं माझ्यासाठी केली असती तर मला एका शब्दानं सांगितलं नसतं का? मी म्हणते, मला तरी कुठे सांगितलं. ती तुझं एक वाक्य आठवते, मी दुसरं आठवते, आणि दोन्ही वाक्यांत तू नुसतं 'ती' म्हणालेला असतोस. बाबांना आम्ही दोघींनी मिळून एवढंच सांगितलंय, की हे ठरल्याशिवाय गाडी इथून हलणार नाही.